रविवारचे सर

आठवड्यातले सहा दिवस सगळे त्यांना काका म्हणत आणि रविवारी सकाळी दहा ते बारा सर. माणूस तोच आणि खोलीही तीच, शाळेची विज्ञानाची प्रयोगशाळा. सहा दिवस काका तिथे भिंगं पुसत, तारांचे गुंते सोडवत, मुलांनी उडवलेले फ्यूज बदलत, आणि तास सुरू झाला की मागच्या सामानाच्या खोलीत स्टुलावर जाऊन बसत. त्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता. पडद्याआडून चौतीस वर्षं त्यांनी एकच अभ्यासक्रम ऐकला. शिक्षक येत-जात राहिले. कुणी छान शिकवलं, कुणी यथातथाच. पण विजेचा धडा दरवर्षी आला आणि काकांनी दरवर्षी तो कान देऊन ऐकला. त्यांचं स्वतःचं शिक्षण नववीपर्यंत. तरी एखादे नवे मास्तर फळ्यावर आकडेमोड करताना घसरले, तर पडद्यामागून खोकला येई आणि मास्तर मुकाट्याने फडकं उचलत.

रविवारी याच खोलीत हौशी रेडिओच्या परवान्याचा वर्ग भरे. घरात यंत्र ठेवायचं, गच्चीवर तार ताणायची आणि हवेतून जगातल्या कुणाही अनोळखी माणसाशी बोलायचं, असा हा छंद. पण छंद असला तरी परवाना लागतो आणि परवान्याला परीक्षा. वर्ग चालवणाऱ्या मंडळाचे चिटणीस होते बाजारातले चष्मेवाले. त्यांच्याकडे परवाना होता, यंत्र होतं, भारदस्त आवाज होता. फक्त परीक्षा देऊन इतकी वर्षं झाली होती की त्यातलं त्यांना काही म्हणता काही आठवत नसे. शिकवायचे काका.

आणि शिकवायचे झकास. पहिल्याच दिवशी सांगायचे, "सगळे आधी सर्किटच्या मागे लागतात आणि नियमांत आपटतात. तुम्ही आधी नियम वाचा. कुठल्या पट्ट्यात बोलायचं, किती ताकदीने बोलायचं, काय बोलायचं नाही. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, गुप्त भाषा वापरायची नाही. प्रत्येक संभाषणाची वेळ नोंदवहीत लिहायची. हे झालं की विजेकडे या." विजेला ते नळाचं पाणी करून टाकत. दाब किती, धार किती, नळी किती बारीक, झाला ओहमचा नियम. लहरीची लांबी काढायची तर "तीनशेला मेगाहर्ट्झने भागा, मीटर हातात येतात. त्याच्या निम्मी तार कापा, थोडी आखूडच कापा, आणि टांगा." रोधकांवरचे, म्हणजे रेझिस्टरवरचे, रंग पाठ व्हावेत म्हणून बायकोच्या शिवणाच्या डब्यातले दोरे आणून ते खडूंना गुंडाळत. शेवटी संकेत. लांबलचक वाक्यं बोलण्याऐवजी हवेत तीन अक्षरांत काम भागवतात, त्यांची यादी. हे सगळं त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात चाळीस पानांच्या वहीत उतरवलं होतं. वहीच्या झेरॉक्स निघत. कुणी नवा माणूस चष्मेवाल्यांच्या दुकानात जाऊन "परीक्षेला काय वाचू?" असं विचारू लागला की ते चष्म्याची काच पुसत म्हणत, "सरांची वही वाचा, बास."

नियमांच्या पानावर पहिलंच वाक्य होतं: परवान्याशिवाय कुणीही यंत्रावरून बोलू नये. अकरा वर्षं काका ते वाक्य वर्गाला मोठ्याने वाचून दाखवत आले होते आणि अकरा वर्षांत एकदाही त्यांनी वाचताना मान वर केली नव्हती.

कारण परवाना त्यांच्याकडे नव्हता.

एकोणतिसाव्या वर्षी ते परीक्षेला बसले होते, पण ती पूर्ण दिली नाही. त्या काळी कडकट्ट, म्हणजे मोर्सची तारभाषा, आल्याशिवाय सुटका नसे. कानाला हेडफोन लावायचे, आखूड-लांब टिकटिक ऐकायची आणि अक्षरं कागदावर उतरवायची. काकांचं पहिलं अक्षर हुकलं. ते काय असेल याचा विचार करेपर्यंत दुसरं, तिसरं आणि मग सगळंच त्यांच्या अंगावरून निघून गेलं. शेजारच्या बाकावरची पेन्सिल सरसर चालली होती. काकांनी कोरा कागद पालथा ठेवला आणि बाहेर पडले. शाळेत सांगितलं, परीक्षा पुढे ढकलली.

पुढे अकरा वर्षांपूर्वी मंडळाला वर्गासाठी खोली हवी होती. किल्ल्या काकांकडे असत म्हणून रविवारी ते येऊन मागे बसले. एकदा चष्मेवाले फळ्यापाशी अडले आणि काका सवयीने खोकले. मग उठून त्यांनी ते समजावून सांगितलं. चष्मेवाल्यांनी आनंदाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर्गाला सांगितलं, "बघा! हे आपले जुने परवानाधारक. इतके दिवस आमच्यापासून लपवून ठेवलंत होय? तुमची खूण काय?"

खूण म्हणजे परवान्याबरोबर मिळणारं अक्षर-आकड्यांचं नाव. काकांचं ततपप झालं. "ते... जुनं आहे. नूतनीकरण राहिलंय," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. लोक हसले, चष्मेवाले म्हणाले, करून टाका हो. वर्ग पुढे सुरू झाला.

त्या दुपारी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. त्या दोघांत लपवाछपवी नव्हती. ती म्हणाली, "मग पुढच्या रविवारी सांगून टाका की, गैरसमज झाला म्हणून."

"सांगतो," काका म्हणाले.

पुढच्या रविवारी कुणीतरी त्यांना सर म्हटलं. तोवर त्या खोलीत कितीतरी सर होऊन गेले होते. ते आपल्याला म्हणतायत हे काकांना कळायला क्षणभर लागला. कळलं तेव्हा कानाच्या पाळ्या गरम झाल्या आणि सांगायचं राहून गेलं. नंतर सांगणं दर आठवड्याला थोडं थोडं अवघड होत गेलं. बायको अधूनमधून भाजी निवडताना विचारी, "झाला का तो पुढचा रविवार?" पुढे पुढे तिनेही विचारणं सोडलं.

एक गोष्ट मात्र काकांनी कटाक्षाने पाळली. यंत्राचं बटण त्यांनी कधी दाबलं नाही. प्रात्यक्षिकाच्या दिवशी ते सगळं जोडून देत, सूर लावून देत आणि चष्मेवाल्यांना पुढे करत. "तुम्ही बोला, तुमचा आवाज छान लागतो." चष्मेवाले खूश होत. लोक म्हणत, सरांना मोठेपणाची हौस नाही. हे ऐकलं की काका कपाट आवरायला लागत.

आता कडकट्टाशिवायचा साधा परवानाही मिळू लागला होता. वीज आणि नियम, दोन पेपर, झालं. काका डोळे झाकून पास झाले असते. पण अर्जावर चिटणिसांची सही लागे आणि चिटणीस म्हणजे चष्मेवाले. त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने अर्ज ठेवणार?

अकराव्या वर्षी वहीच्या झेरॉक्स इतक्या पुसट झाल्या की काकांनी सुट्टीत बसून सगळी वही नव्याने लिहिली. वर्गात नऊजण होते. पहिल्या बाकावर सरकारी दवाखान्यातली परिचारिका बसे. तिला सगळे सिस्टर म्हणत. रात्रपाळी करून ती थेट वर्गाला येई, डोळे लाल, पण लक्ष सुईसारखं. शेवटच्या बाकावर पाववाले. वय सहासष्ट, कोपऱ्यावरच्या बेकरीचे मालक, भट्टीही स्वतःच लावणारे. त्यांच्या वहीच्या प्रत्येक पानावर पिठाचे ठसे असत. तीस वर्षं भट्टीशेजारी रेडिओ ठेवून ते हौशी लोकांची बोलणी ऐकत आले होते. पहिल्या दिवशी ओळख करून देताना म्हणाले, "सर, तीस वर्षं नुसतं ऐकतोय. समोरचा विचारतो, कुणी आहे का? मी हातातलं पीठ सोडून म्हणतो, आहे ना बाबा! त्याला काय ऐकू जातंय? एकदा तरी ऐकू जाईल असं म्हणायचंय." सगळे हसले. पाववाल्यांना गणित जड जाई. तीनशेला चौदाने भागताना त्यांना घाम फुटे. पण काका शिकवू लागले की ते तोंड किंचित उघडं ठेवून असे बघत राहत की काकांना नजर वळवावी लागे.

परीक्षेला दीड महिना असताना काका संकेतांच्या पानावर आले. "क्यूआरएम," त्यांनी वाचलं, "म्हणजे विजांचा, वादळाचा, हवेतला खरखराट. क्यूआरएन म्हणजे दुसऱ्या केंद्राच्या बोलण्याचा अडथळा."

सिस्टरचा हात वर गेला. "सर, ते उलट आहे ना?"

"काय उलट?"

"एम म्हणजे माणसाचा अडथळा, एन म्हणजे निसर्गाचा. मी तसंच लक्षात ठेवलंय. एम माणूस, एन निसर्ग."

काकांनी वहीत पाहिलं. त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच शाईत लिहिलेलं होतं. रोज हवेत बोलणाऱ्या माणसाची जीभ तिथे अडखळली असती. हे शब्द त्याच्या तोंडात मीठ-तिखटासारखे बसलेले असतात. काकांना मात्र वही सोडून दुसरा आधार नव्हता. आणि ती तरणी बाई पहिल्या बाकावरून, सगळ्या वर्गादेखत, अगदी सहज बोलून गेली होती. आता हिला सगळंच कळलं असणार, असं वाटलं. आणि त्या भीतीच्या भरात ते बोलून बसले:

"सिस्टर, परवाना तुमच्याकडे आहे की माझ्याकडे?"

सिस्टरने हात खाली घेतला. "सॉरी सर," ती म्हणाली आणि वहीत डोकं घातलं. मागून पाववाले हळूच म्हणाले, "पोरी, सरांशी काय वाद घालतेस?"

अकरा वर्षं काकांनी एका गैरसमजावर मूग गिळले होते. दुसऱ्याला गप्प करायला, ठरवून खोटं बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा. घरी येऊन त्यांनी छापील नियमपुस्तक काढलं. सिस्टरचं बरोबर होतं. नवी वही उतरवताना दोन ओळींची अदलाबदल झाली होती, एवढंच.

पुढच्या रविवारी ते लवकर जाऊन बसले. जो येईल त्याची वही "जरा बघू" म्हणून घेत आणि निळ्या पेनाने एमचा एन, एनचा एम करून परत देत. "उतरवताना चूक झाली होती," असं वहीकडे बघत पुटपुटत. सिस्टरची वही मागितली तेव्हा ती म्हणाली, "मी त्याच दिवशी केलंय, सर." स्वर साधाच होता. काकांना तो झोंबला.

पाववाले त्या दिवशी आले नव्हते. भट्टीच्या विटा ढासळल्या होत्या आणि गवंडी रविवारीच मोकळा होता. त्यानंतरच्या रविवारी आले, नेहमीसारखे शेवटच्या बाकावर बसले. त्यांची एकट्याची वही मागायची म्हणजे कारण सांगावं लागणार, आणि पुढे सिस्टर बसलेली. काकांनी मनात म्हटलं, वर्ग सुटल्यावर बघू. वर्ग सुटल्यावर चष्मेवाले बोलत उभे राहिले. मग म्हटलं, नेमकं तेवढंच थोडंच विचारणार आहेत?

तेच विचारलं.

निकाल लागला त्या संध्याकाळी पाववाले शाळेच्या फाटकापाशी उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात निकालाचा कागद. नऊजणांपैकी सात पास झाले होते, सिस्टर सगळ्यांत पुढे. वीज आणि रेडिओच्या पेपरात, ज्याची पाववाल्यांना धास्ती होती, त्यात त्यांना पन्नासपैकी चक्क सव्वीस होते. नियम आणि संकेतांच्या पेपरात पास व्हायला वीस हवे होते. त्यांना एकोणीस मिळाले.

"एका मार्कानं गेलं, सर," ते म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला. "तुमचं काही चुकलं नाही हां. तुम्ही जीव तोडून शिकवलंत. माझंच टाळकं रिकामं. घरी सून म्हणाली, बाबा, या वयात कशाला? मी म्हटलं, बरोबर आहे बाई तुझं."

काकांनी कागद हातात घेतला. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती.

"पण एक सांगू?" पाववाले पुढे म्हणाले. "तो अडथळ्याचा प्रश्न आला होता बघा, क्यूआरएमचा. तो तरी शंभर टक्के बरोबर. खरं म्हणजे मला आधी उलटंच वाटत होतं. तीस वर्षं ऐकतोय ना, कानात तसंच बसलंय. लिहिणार तेवढ्यात तुमची वही आठवली. म्हटलं, सर परवानेवाले, आपण कोण? खोडलं आणि वहीतलं लिहिलं. तेवढं तरी वाचलं तुमच्यामुळे."

काका मेल्याहून मेल्यासारखे झाले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात शिपायाने फाटकाची साखळी ओढली आणि पाववाले "चला, कणीक थांबलीय" म्हणून निघालेसुद्धा. काका त्यांची पाठ वळणापर्यंत बघत राहिले. हाक मारता आली असती, मारली नाही.

दुसऱ्या दिवशी ते बेकरीत गेले. दुकानात गिऱ्हाइकं होती. पाववाल्यांनी लांबूनच हात केला, "या सर!" काकांनी दोन पाव घेतले आणि परत आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. गिऱ्हाईक एकही नव्हतं. पाववाल्यांनी स्वतः कागदात पाव बांधून दिला आणि विचारलं, "पुढच्या वर्गाला मी पुन्हा आलो तर चालेल ना? ओझं नाही ना होणार?" काकांनी "छे छे" म्हटलं आणि पाव घेऊन परत आले. चौथ्या दिवशी टोस्टचा पुडा घेऊन आले तेव्हा बायकोने कमरेवर हात ठेवले.

"अहो, आपण काय बेकरी काढणार आहोत का? डब्यात जागा नाही, मी शेजारी वाटतेय."

काका खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. वही, सिस्टर, निळं पेन, एक मार्क. ती ऐकत राहिली. शेवटी तिने विचारलं, "सगळ्यांच्या वह्यांत दुरुस्त केलंत आणि त्यांच्या नाही?"

"हो."

"का?"

"सिस्टर समोर होती."

बायकोने उघडा डबा बंद केला. मग म्हणाली, "मी तुम्हाला भित्रा म्हणत आले इतकी वर्षं, हसत हसत. पण हे भित्रेपण नाही हो. हे वाईट झालं." तिने टोस्टचा पुडा उचलून फळीवर ठेवला आणि आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

पाचव्या दिवशी शाळेतून अर्धी रजा काढून ते दुपारी तीनला गेले, भट्टी थंड असते तेव्हा. दुकान अर्धं बंद होतं. आत लांब लाकडी टेबलावर पाववाले पातीने सुकलेलं पीठ खरवडत होते.

"सर! अहो काल टोस्ट नरम लागले का?"

"नाही दादा. मला बोलायचंय."

"बोला की."

काकांनी येताना वाटेत तीनदा घोकलेलं वाक्य होतं. ते आठवलंच नाही. "तो प्रश्न तुमचा चुकला," ते म्हणाले. "अडथळ्याचा. तुमच्या कानात होतं तेच बरोबर होतं. वहीत मी उलटं लिहिलं होतं."

पात थांबली. "असं कसं? वहीत..."

"माझी चूक. सिस्टरने दाखवली होती, त्या दिवशी वर्गात. नंतर मी सगळ्यांच्या वह्यांत दुरुस्त केलं. तुम्ही त्या रविवारी नव्हता."

"भट्टीचं काम होतं."

"हो."

"पण त्याच्या पुढच्या रविवारी मी होतो."

"होता."

"मग विसरलात होय?"

हो म्हणणं किती सोपं होतं. पाववाल्यांनी दारच उघडून धरलं होतं. काकांनी टेबलाची कड घट्ट धरली. "नाही. लक्षात होतं. लाज वाटली म्हणून नाही केलं. आणि आणखी एक आहे. माझ्याकडे परवाना नाही. कधीच नव्हता. एकदा परीक्षेला बसलो होतो, अर्ध्यातून पळून आलो."

बाहेरून सायकल गेली. पाववाले पुन्हा पीठ खरवडू लागले. टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, पीठ हातावर गोळा केलं, डब्यात टाकलं. हात झटकले. मग म्हणाले, "मार्काचं मला काही नाही. परीक्षा पुन्हा येईल. पण मी घरात सगळ्यांना सांगितलं, मी मठ्ठ आहे. नातीला सांगितलं. ती परवा मला म्हणाली, आजोबा, जाऊ द्या, तुम्हाला नाही जमत. मी म्हटलं, हो बाळा." त्यांनी काकांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "ते मी कशाला म्हणालो?"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचीही त्यांना लाज वाटली, कारण रडण्याचा हक्क त्यांचा नव्हता.

"रविवारी सगळ्यांसमोर सांगा," पाववाले म्हणाले. "मला एकट्याला सांगून मोकळं होऊ नका. आता जा, मला दुकान उघडायचंय."

रविवारी नव्या-जुन्या मिळून पंधरा-सोळा माणसं होती. पास झालेले पेढ्यांऐवजी पाववाल्यांकडचीच बिस्किटं घेऊन आले होते. चष्मेवाले अभिनंदनाचं भाषण करायला उठले, त्यांना थांबवून काका फळ्यापुढे उभे राहिले. धड सांगता आलं नाही. मधूनच सुरुवात केली, मग मागे एकोणतिसाव्या वर्षापर्यंत गेले. पण परवाना नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि पाववाल्यांचा मार्क कशामुळे गेला हेही सांगितलं. सांगून झालं तेव्हा हातातल्या खडूचा भुगा झाला होता.

आधी चष्मेवाले उसळले. "अकरा वर्षं? अहो, मी लोकांना काय तोंड दाखवू? मंडळाच्या कागदावर तुमचं नाव आहे, पुढे परवानाधारक छापलंय!" ते खरंच होतं. काका मान खाली घालून उभे राहिले. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, शिकवलं तर चांगलंच ना त्यांनी. त्यावर दुसरा म्हणाला, प्रश्न तो नाही.

काका सिस्टरकडे वळले. "त्या दिवशी मी तुम्हाला बोललो..."

"मी यादी बघितली होती," सिस्टर म्हणाली. "परवानाधारकांची छापील यादी असते. त्याच संध्याकाळी बघितली. तुमचं नाव नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं. पहिले दोन रविवार तरी वाटलं." तिने पर्स बंद केली. "मला राग आला होता, सर. अजून आहे. पण पाववाल्यांची वही राहिलीय हे मला माहीत असतं ना, तर मी गप्प बसले नसते."

त्या दिवसापासून वर्ग सिस्टर घेऊ लागली. काका किल्ल्या घेऊन येत, खोली उघडत, फळा पुसत आणि मागच्या बाकावर पाववाल्यांशेजारी बसत. पहिले काही रविवार पाववाले त्यांच्याशी कामापुरतंच बोलत. सर म्हणणं त्यांनी सोडलं होतं. ते आता शाळेतल्या मुलांसारखं काका म्हणत. गणित अडलं की वही सरकवत, काका आकडे मांडून देत, वही परत सरकवत. चष्मेवाल्यांच्या दुकानात जाऊन काकांनी अर्जावर सही मागितली. चष्मेवाल्यांनी अर्ज दोनदा वाचला, शिक्षणाच्या रकान्यापाशी थांबले, सही केली आणि पेनाचं टोपण लावून गिऱ्हाइकाकडे वळले. चहाला थांबा म्हणाले नाहीत. एरवी म्हणत.

परीक्षेच्या दिवशी काकांनी पेनाचं टोपण इतक्या वेळा काढलं-लावलं की परीक्षकाने विचारलं, बरं वाटतंय ना? अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, ज्याच्या वहीवर निम्मं गाव पास झालं होतं, तो पहिल्या प्रश्नावर दहा मिनिटं बसला. दारावर त्यांचं लक्ष दोनदा गेलं. दोन बाक पुढे पाववाल्यांची रुंद पाठ होती, शर्टावर पिठाचा डाग. ती पाठ हलेपर्यंत उठायचं नाही असं काकांनी ठरवलं. पाववाले शेवटच्या घंटेपर्यंत बसले. काकांनाही बसावं लागलं.

दोघे पास झाले. पाववाल्यांना नियमांत तेहतीस मिळाले. परवाना आणि खूण हातात पडल्यावर पाववाल्यांनी पहिली हाक कुणाला मारली, ते काकांना त्यांनी सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. सिस्टरकडून नंतर कळलं की भट्टीशेजारी सगळं घर जमलं होतं आणि नातीने नोंदवहीत वेळ लिहिली.

काकांचा परवाना टपालाने आला तो बायकोने सही करून घेतला. पाकीट तिने त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. काकांनी ते उघडलं, वाचलं आणि पुन्हा पाकिटात घातलं. आनंद झाला का म्हणून तिने विचारलं. "झाला," ते म्हणाले, "पण कुणाला सांगावंसं वाटत नाही. हे माझ्याकडे अकरा वर्षं आहे असंच लोक धरून होते." सहा दिवस पाकीट तसंच पडून राहिलं. सातव्या दिवशी सकाळी मंडळाच्या यंत्रापुढे ते एकटेच बसले. चौदा मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सूर लावला, बटण दाबलं आणि त्यांना काही सुचेना. नियमाप्रमाणे आधी स्वतःची खूण सांगायची, हे त्यांनी शेकडो लोकांना शिकवलं होतं. दोनदा बटण सोडलं. तिसऱ्यांदा कशीबशी खूण सांगितली.

दूरवरून कुणा अनोळखी पुरुषाचा आवाज आला. मधूनमधून विजांचा खरखराट होता. त्याने स्वतःचं गाव सांगितलं, तिथलं हवामान सांगितलं आणि मग आपुलकीने विचारलं, "या छंदात किती वर्षं आहात?"

काकांनी बटण दाबलं. "आज पहिलाच दिवस," ते म्हणाले.

"अरे वा! मग घाबरू नका, हळूहळू सवय होईल," तो माणूस म्हणाला आणि त्यांना कसं बोलावं, कुठे थांबावं हे समजावून सांगू लागला. काका सगळं माहीत असूनही शेवटपर्यंत ऐकत राहिले.